उष्टा बोळा

१

मामाच्या कामात नियम एकच होता, आणि तो त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकला: उष्टा बोळा परत तोंडात घालायचा नाही.

बाकी काम सोपं होतं, किळस बाजूला ठेवली तर. लाकडाच्या बारीक काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून बोळा करायचा. तो जिभेवर फिरवून ओला करायचा. मग जुन्या चित्रावर हलक्या हातानं लोळवायचा. घासायचा नाही, लोळवायचा. बोळा काळा झाला की काचेच्या बरणीत टाकायचा आणि नवी काडी घ्यायची. दिवसभर हेच. चित्रावरची घाण काढायला माणसाच्या थुंकीसारखं दुसरं काही नाही, असं मामा म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. चित्रकलेच्या कॉलेजातही हेच शिकवलं होतं. फक्त तिथं तिला 'लाळ' म्हणत. तेवढंच ऐकायला बरं.

"रसायन घाणीबरोबर रंगही खातं," मामा म्हणाला. "थुंकी फक्त घाण खाते."

"मग तुझी का नाही वापरत?"

मामानं आ करून दाखवलं. कवळी, आणि तिच्यामागे एक सुकलेली, करडी जीभ. "आटली. ह्याला तरुण तोंड लागतं."

तरुण तोंड. त्या तोंडापायीच तर चिऊनं दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं. विभागप्रमुख मुलांची कामं स्वतःच्या नावावर खपवतात, हे तिनं भर प्रदर्शनात पाहुण्यांसमोर सांगितलं. त्यांनी तिला खोलीत बोलावून मायेनं समजावलं, की हात चांगला आहे, तोंड आवर. तिनं दोन्ही आवरलं आणि घरी आली. घरी आईचं सुरू झालं: जगात टिकायचं तर मोठ्यांची थुंकी झेलायला शिकावं माणसानं. आणि आता बघा, मोठ्यांनाच तिची थुंकी हवी होती. पहिले काही दिवस तिला ह्याची गंमत वाटली.

तिला घरात चिऊ म्हणत. ती वाढली, केस कापून आली, शिव्या द्यायला शिकली, तरी कुणी ते थांबवलं नाही.

चित्र एका वसतिगृहाच्या जेवणाच्या हॉलमध्ये होतं. सुट्टी होती, मुलं आपापल्या घरी गेली होती, बाकं टेबलांवर उलटी चढवून ठेवली होती. हॉलच्या एका टोकाला स्वयंपाकघराची खिडकी, जिच्यातून ताटं पुढे सरकवतात, आणि दुसऱ्या टोकाला, भिंतीवर ताणून बसवलेल्या कॅनव्हासवर, भिंतभर नरक.

त्या नरकात आग नव्हती, कढया नव्हत्या, शिंगं-शेपट्या नव्हत्या. नरक म्हणजे एक तोंड होतं. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत आडवा उघडलेला जबडा; दात दाराच्या चौकटीएवढे; आणि जिभेवरून माणसं रांगेनं आत चाललेली, जशी मुलं ताटं घेऊन रांगेनं जातात तशी. जीभ संपायची तिथं घसा सुरू व्हायचा, आणि घशात, काजळीखाली, काहीतरी दाटीवाटीनं होतं. काय ते दिसत नव्हतं. हिरड्या मात्र रंगवणाऱ्यानं फार जीव लावून रंगवल्या होत्या. ओल्या, फुगलेल्या, दाताच्या मुळाशी किंचित पिवळट.

"तीन पिढ्या ह्याच्यासमोर जेवल्या," रेक्टर अभिमानानं सांगायचे. "ताटात कण राहिला नाही कधी."

"आणि सैतान कुठाय ह्यात?"

"मुलंही विचारतात. आम्ही सांगतो, आत आहे."

लहान पोरांच्या घासासमोर नरक टांगणारा माणूस कसा असेल, ह्याचा चिऊनं फार विचार केला नाही. तो म्हातारा असणार, एवढं तिला पुरेसं होतं.

वरचा ओठ आणि वरचे दात आधीच साफ झालेले होते. ते दादानं केले होते. चिऊच्या आधी मामाकडे दादाच होता.

२

दादा आता घरी असायचा. खिडकीजवळच्या खाटेवर, पाठीला उशा लावून. काय झालं होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आधी त्यानं जेवण सोडलं, मग दूध, मग पाणीसुद्धा. डॉक्टरांना शरीरात काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी मनाचं आहे म्हणून सांगितलं. डॉक्टरांना जे सापडत नाही ते मनाचंच असतं. नाकातून नळी घातली तर दादानं ती उपसली. पुन्हा घातली, पुन्हा उपसली. हाताला लावलेल्या सलाईनवर तेवढा तो टिकून होता.

"ह्यानं तोंडानं घ्यायला हवं," डॉक्टर दारात चपला घालता घालता म्हणाले. "घेतलं तर वाचेल. साधी गोष्ट आहे."

साधी गोष्ट. आई रोज संध्याकाळी वाटी-चमचा घेऊन त्याच्यापुढं बसायची.

"हा घास चिऊचा," ती म्हणायची, चमचा त्याच्या ओठांशी नेऊन. "हा घास काऊचा. आ कर. आ."

दादाला दाढी होती. त्या दाढीतून पातळ पेज ओघळायची आणि गळ्याच्या खळगीत साचायची. आई ती पदरानं पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. त्याचे ओठ मिटलेले असायचे, शिवल्यासारखे. तो बोलायचाही नाही. पण चिऊ काही बोलायला लागली की तो तिच्याकडे बघायचा. डोळ्यांकडे नाही. तोंडाकडे.

लहानपणी ती ताप येऊन पडली की दादाच तिला भरवायचा. स्वतः आ करायचा आधी, तोंड वेडंवाकडं करून, तिनंही करावं म्हणून. बाबा त्याआधीच गेले होते. म्हणजे मेले नव्हते, गेले होते. त्यामुळे घरात तिला आपलं म्हणावं असा एकच माणूस होता, आणि तो खाटेवर दिवसादिवसानं पातळ होत चालला होता.

"आज काही आणलंस?" आई विचारायची, चिऊ दारातून आत आली रे आली की. आणि तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघायची.

"काय आणायचं होतं?"

"काही नाही," आई म्हणायची. "सहज."

३

एका सकाळी रेक्टर गप्पा मारायला म्हणून मचाणाखाली येऊन उभे राहिले. चिऊ वर बसून खालच्या ओठाच्या कोपऱ्यावर काम करत होती.

"शिक्षण कुठवर झालं हिचं?" त्यांनी विचारलं. मामाला विचारलं, तिला नाही.

"सोडलं," मामा म्हणाला. "टिकत नाहीत आजची मुलं कुठंच."

"आमच्या वेळी पुढ्यात येईल ते मुकाट्यानं गिळायचो आम्ही."

"दिसतंय," चिऊ वरून म्हणाली. "पचलेलं नाही अजून."

"तोंड सांभाळ," मामा म्हणाला. रेक्टर हसले, मोठी माणसं हसतात तसं, म्हणजे पुढं कधीतरी बघून घेईन असं.

ती चित्राकडे वळली. कान तापले होते. पुढचं उत्तर मनात जुळवता जुळवता तिनं बोळा लोळवला, उचलला, जिभेवर फिरवला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की काडी बदललेली नाही.

आधी जे यायला हवं तेच आलं. काजळी, खवट तेल, फडक्याचा कुबट वास. ह्या भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या जेवणाची वाफ बसली होती, त्यांचे श्वास, ढेकर, चिडून टाकलेले फूत्कार. म्हणजे घाण म्हणायची ती मुळात उष्टीच. तिनं खाली वाकून थुंकायला तोंड उघडलं.

आणि मग त्याच्यामागून चव आली.

तापातून उठल्यावर पहिल्या घासाला जी चव असते ती. कशाची म्हणून सांगता येत नाही, नुसती चव. जिभेच्या कडांना कुणीतरी दिवे लावल्यासारखी. तिच्या तोंडाला असं पाणी सुटलं की ते ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आलं.

ती थुंकली. नळावर जाऊन चुळा भरल्या, बोटानं जीभ खरवडली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खरी किळस तिला त्या घाणीची नव्हती आली. थुंकताना तिच्या जिभेनं थोडंसं मागं धरून ठेवलं होतं, त्याची आली होती.

४

जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असतं, आणि शिसं गोड लागतं. हे तिनं वाचलेलं होतं. तिनं ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. सगळं नीट बसत होतं. दादालाही शिसंच बाधलं असणार. भूक मरते त्यानं. डॉक्टरांना सांगायला हवं.

पण खालच्या ओठावर पांढरा रंग नव्हता. तो लाल होता, मातीचा.

म्हणून तिनं एक प्रयोग केला. हॉलच्या खिडकीच्या चौकटीवर तीच काजळी होती, त्याच जेवणांची, तेवढ्याच वर्षांची. तिथं बोळा लोळवला आणि डोळे मिटून जिभेला लावला. घाण होती. नुसती घाण. ओकारी आली आणि तिला हायसं वाटलं. मग ती मचाणावर चढली, हिरडीवर बोळा लोळवला आणि खात्री करून घ्यायला म्हणून तोंडात घातला.

खात्री तिनं त्या दिवशी बऱ्याचदा करून घेतली.

घरचं जेवण कापसासारखं लागायला लागलं. दाताखाली दबायचं, फुगायचं, उतरायचं नाही. डब्यातलं ती वसतिगृहाच्या फाटकाशी बसणाऱ्या कुत्र्याला घालायची. कुत्रा खायचा, आणि खाता खाता तिचा हात हुंगून मागं सरकायचा.

आणखी एक गोष्ट होती. काम करताना एक आवाज यायचा. गटक, असा. कुणीतरी घोट गिळावा तसा. रिकाम्या हॉलमध्ये आवाज फिरतात हे तिला ठाऊक होतं. भिंतीतल्या नळाचा असेल, मोरीचा असेल. ती स्वयंपाकघरात जाऊन बघून आली. मोरी कोरडी होती, भेगा पडण्याइतकी.

आणि बरणी. संध्याकाळी ती काळ्या बोळ्यांनी भरलेली असायची. सकाळी बोळे तिथंच असायचे, त्याच बरणीत, पण पांढरे. टोकाला निमुळते झालेले, चोखल्यासारखे.

"उन्हानं उडतो रंग," मामा म्हणाला.

"काजळी उन्हानं उडत नाही, मामा. मी काही बोळ्यानं दूध पीत नाही."

मामा हसला. त्याची कवळी वाजली. "काम कर," तो म्हणाला. "घसा राहिलाय अजून सगळा."

५

दुपारी ती हात धुवायला म्हणून गेली आणि साबण संपला होता म्हणून लगेच परत आली.

मामा मचाणाच्या खालच्या पायरीवर बसला होता. बरणी मांडीत होती. शेजारी रुमालावर कवळी काढून ठेवली होती, आणि ती आपली आपण हसत होती. मामाचे गाल आत गेले होते, पार आत, कवटीला चिकटल्यासारखे. डोळे मिटलेले होते. त्यानं तोंडातून काडी बाहेर ओढली. बोळा पांढरा झाला होता. ती त्यानं बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली, काळी, ओली. जिभेनं टोक चाचपलं. हिरड्यांत धरलं. आणि चोखलं.

गटक.

तोच आवाज. चला, एवढा तरी उलगडा झाला, असं चिऊच्या मनात आलं. मन असंच असतं. घर पेटलं तरी ते आधी कुठलं दार करकरतं ते बघतं.

"मामा."

तो दचकला नाही. सावकाश कवळी उचलली, झटकली, बसवली. तोंड पुन्हा मामाचं झालं.

"ते माझं उष्टं आहे," ती म्हणाली.

"हो. म्हणून तर." तो रुमालानं हनुवटी पुसत होता. "भिंत चाटून पाहिलीय मी. पुष्कळदा. काही लागत नाही. आधी कुणाच्या तरी ओल्या तोंडातून जावं लागतं."

"किळस नाही येत तुला?"

"येते की. रोज येते." त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं, गुडघे दुखतात म्हणावं तसं. "किळस पोटाच्या आड येत नाही, चिऊ. तुलाही कळलंय ते. डबा कुत्रा खातोय तुझा, मला काय दिसत नाही?"

तिनं बाहीनं स्वतःची हनुवटी पुसली.

"दादालाही कळलं होतं," तो म्हणाला. "पण पोरगा तुझ्यासारखाच. तोंडाळ. हे पाप आहे म्हणाला, आणि सोडून घरी गेला. सोडून काय होतं? आता त्याच्या घशाखाली दुसरं काही उतरणार नाही. हे एवढंच उतरेल."

"तुला माहीत होतं. आणि तो तिकडे वाळत पडलाय."

"मी सांगितलं होतं तुझ्या आईला. सगळं सांगितलं. म्हटलं, कुणीतरी आणून द्यायला हवं. त्याचं त्यानं स्वतः केलेलं चालणार नाही, त्याचं तोंड आता कोरडं. दुसरं तोंड लागेल, तरुण." मामानं बरणीचं झाकण लावलं. "मग तिनं तुला पाठवलं."

आई. जिच्या तोंडात तीळ भिजत नसे, घरातलं प्रत्येक भांडण जी जिन्यावरच्या शेजारणीला सांगून मोकळी व्हायची, तिनं एवढं मात्र भिजत घातलं होतं. इतके दिवस. 'आज काही आणलंस?'

"ती कधी बोलली नाही मला."

"काय बोलणार? आई आहे ती." तो उठला, गुडघ्यांवर हात टेकून. "तिला वाटलं असेल, तू होऊन आणशील."

"आणि चित्र साफ झालं की?"

"सुट्टी संपली की मुलं येतील. जेवतील. वाफ वर जाईल." मामा जबड्याकडे बघत होता, गाय राखणारा गायीकडे बघतो तसा. "घाणीला तोटा नसतो गं. लोक जेवतात तोवर."

६

ती फाटकापर्यंत गेली होती. हे सांगायला हवं, कारण पुढं कुणी म्हणेल की तिनं प्रयत्नच केला नाही. ती फाटकाबाहेर गेली, रस्ता ओलांडला, आणि पलीकडच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली. घरी जायचं नाही असं ठरवलं. मामाचं तोंड बघायचं नाही, आईचं तर नाहीच. लहानपणापासून ऐकलं होतं, मोठे सांगतात ते भल्यासाठी. कुणाच्या, ते कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिला दादाचं वेडंवाकडं तोंड आठवलं. आ, असं केलेलं, ती तापानं फणफणत असताना. खाटेवर तो आता उठून बसूही शकत नव्हता. ह्या आठवड्यात हाडांचा आवाज यायला लागला होता, कूस बदलली की.

ती परत गेली.

मामा निघून गेला होता. बरणी धुऊन मचाणावर ठेवली होती, कोरडी, झाकण उघडं. तिनं घशापाशी बैठक जमवली आणि कामाला लागली.

काजळी जाड होती पण सोडत होती. आधी एक कपाळ आलं. मग डोळे, वर वळलेले. मग तोंड. ते उघडं होतं. त्याच्या शेजारी दुसरं डोकं आलं, तिसरं आलं. सगळी घशात उभी ठासलेली, खांद्याला खांदा नव्हे, गालाला गाल लावून, आणि सगळ्यांची तोंडं वर, घरट्यातल्या पिलांसारखी. त्यांना कुणी भाजत नव्हतं. कुणी टोचत नव्हतं. ती नुसती वाट बघत होती. आणि सैतान तिथंही नव्हता. तिनं शोधला. आत आहे म्हणे. पण हे आतच होतं, आणि इथं फक्त तोंडं होती.

बोळा लोळवला की ती जागा ओली व्हायची आणि लगेच कोरडी पडायची. फार लगेच. जुना कॅनव्हास ओल शोषून घेतो. ते ठीक आहे. पण ओल कडेनं आत सरकत वाळायला हवी. इथं ती मधूनच जायची, आतून ओढल्यासारखी.

डोक्यांच्या मधल्या फटींत काळं होतं. तिला वाटलं तिथं भिंतीचा रंग लागेल. बोळा काळा झाला, टाकला. पुन्हा काळा झाला, टाकला. खाली आणखी डोकी आली, लहान. त्यांच्या फटींत आणखी लहान. तिनं नाक टेकण्याइतकं जवळ जाऊन बघितलं. नखाएवढी तोंडं, मग दाण्याएवढी, आणि तीही उघडी. घाण निघत होती आणि तळ येत नव्हता.

त्या अंतरावर, भिंतीला नाक लावून, तिला ऐकू आलं. मामा नव्हता हॉलमध्ये. नळ बंद होते.

गटक.

तिनं बरणी भरली. एकही बोळा तिनं परत तोंडात घातला नाही. झाकण लावताना तोंड पाण्यानं भरलं होतं. ते पाणी तिनं गिळलं. ते पोटापर्यंत गेल्यासारखं वाटलं नाही. मध्येच कुठंतरी संपलं.

७

आईनं दार उघडलं आणि पिशवीकडे बघितलं. ह्या वेळी तिनं विचारलं नाही. चिऊच्या तोंडावरच तिला काय ते दिसलं असावं, कारण ती बाजूला झाली, आणि मग दादाच्या खोलीतला पडदा सारून उजेड आत घेतला.

चिऊ खाटेच्या कडेला बसली. बरणीचं झाकण उघडलं.

दादाच्या नाकपुड्या हलल्या. मान वळली. कितीतरी दिवसांत त्यानं आपणहोऊन मान वळवली नव्हती. तिनं एक काडी काढली, काळा बोळा, तिच्याच थुंकीनं अजून ओलसर, आणि त्याच्या ओठांशी धरली.

"आ कर," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच आईसारखा लागला.

ओठ सुटताना चिकटलेला कागद सुटावा तसा आवाज झाला. मग तोंड उघडलं, आणि उघडत राहिलं. माणसाचा जबडा जिथं थांबतो तिथं तो थांबला असणार, थांबलाच असणार. खिडकीचा उजेड तिरपा आत पडला. जिभेवर तडे होते, बारीक, जाळीदार, जुन्या रंगावर पडतात तसे. आणि जिभेच्या मागं, जिथं काळोख सुरू होतो तिथं, काहीतरी फिकट, दाटीनं बसलेलं होतं.

पडजीभ असते तिथं. टॉन्सिल असतात, आजारात सुजतात, पांढुरके दिसतात. हे तिला माहीत होतं.

टॉन्सिल वर बघत नाहीत.

दादानं ओठ मिटले. बोळा चोखला, तान्ह्या पोरासारखा, डोळे मिटून. गटक. काडी तिनं बाहेर ओढली तेव्हा कापूस पांढरा होता. त्याच्या गालांवर रंग चढला. खरंच चढला. त्यानं डोळे उघडले आणि कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांकडे बघितलं, आणि तो दादा होता. तो रडत होता. त्यानं मान हलवली, नको अशी, आणि मान हलवता हलवताच त्याचं तोंड पुन्हा उघडलं.

"खातोय गं," आई मागून म्हणाली. तिनं पदर तोंडाशी घेतला होता. "बघ, खातोय माझा राजा."

काय खातोय, ते तिनं विचारलं नाही. तिनं वाकून बरणीत बघितलं.

"पुरेल का उद्यापर्यंत?"

चिऊनं तिच्याकडे बघितलं. बोलायला खूप होतं. एरवी तिला शब्द शोधावे लागत नसत. विभागप्रमुखांना सापडले होते, रेक्टरना सापडले होते. पण तोंड पाण्यानं भरलं होतं, आणि बोलायला उघडलं असतं तर ते सांडलं असतं.

सकाळी ती उठली तेव्हा आई टेबलापाशी बसली होती. समोर कापसाची गुंडाळी, काड्यांची जुडी. तिनं बोळे करून ठेवले होते, ओळीनं, सुबक, मामापेक्षा छान. हात बसलेला असल्यासारखे. शेजारच्या खोलीतून दादाचा आवाज येत होता. शब्द नव्हते. नुसता आ.

"ये," आई म्हणाली. "तोंड कोरडं असतं सकाळचं. बघू, पाणी सुटतंय का नीट."

तिनं पहिली काडी चिऊच्या ओठांशी आणली. हात प्रेमळ होता, तो नेहमीच प्रेमळ असायचा.

"आ कर."

चिऊनं ठरवलं होतं, उघडायचं नाही. शेजारच्या खोलीत खाट करकरली. तिनं तोंड उघडलं.

खिडकीतून सकाळचा स्वच्छ उजेड येत होता. आईनं काडी पुढं केली, आणि मध्येच थांबली. ती आत बघत होती, जिभेच्या मागं, काळोख सुरू होतो तिथं. चिऊला दिसत होता फक्त आईचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावरून आधी रक्त उतरताना दिसलं, मग ओठ थोडे मागं गेले, नासलेलं काही हुंगल्यासारखे.

मग आईनं नजर खाली वळवली. काडीकडे. बोळा जिभेवर फिरवला, नीट, कडेकडेनं, आत न बघता.

"शहाणं माझं बाळ ते," ती म्हणाली.